नोंदवही कुणाची, लेख कुणाचा?

बालशिक्षणावरील अलीकडच्या लेखनात 'सहलेखन' हा शब्द वारंवार येतो. प्राध्यापक, संशोधक, संस्थांचे कार्यकर्ते आणि अंगणवाडी सेविका यांनी एकत्र बसून लिहावे, लिहिता लिहिता शिकावे, असा हा विचार आहे. विचार चांगला आहे. परंतु या बैठकीत खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण, हे तपासल्याशिवाय त्याला मान्यता देणे मला शक्य नाही.

जव्हार-मोखाड्यातील अंगणवाड्यांवरचा असाच एक लेख तयार होताना मी जवळून पाहिला. एका वारली सेविकेने आपल्या वहीत एका मुलाच्या नावापुढे लिहिले होते : 'दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला. शिमग्याला येईल.' अंतिम मसुद्यात याचे 'पालकांच्या उदासीनतेमुळे अनियमित उपस्थिती' असे झाले. भाषा शुद्ध झाली आणि सत्य गेले. भातकापणी संपली की या तालुक्यांत हाताला काम उरत नाही. कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर जातात. चार वर्षांचे पोर मागे कुणाजवळ ठेवणार? त्या बाईला हे ठाऊक होते. तिला विचारावे असे कुणाला वाटले नाही. छापील लेखावर चार नावे होती, त्यांत तिचे नव्हते. शेवटी आभार होते, तेही 'सर्व सेविकांचे'. त्या वेळी मीही गप्प बसलो, हे येथे नमूद करतो.

जीन लेव्ह आणि एतियेन वेंगर यांनी 1991 मध्ये मांडले की, माणूस काम करणाऱ्यांच्या समूहात काठावरून शिरतो आणि काम करता करता मध्याकडे सरकतो. माया सुइणी, लायबेरियातील शिंपी ही त्यांची उदाहरणे. सहलेखनाचे पुरस्कर्ते याच विचाराचा आधार घेतात. पण आपल्याकडे काठ हा आत येण्याचा रस्ता कधी होता? गावकुसाबाहेरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या काठावरच राहिला. जात आणि जमात वगळून हा सिद्धान्त येथे आणला, तर तो केवळ शोभेचा ठरेल.

आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. शाळा मुलांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा झाली. ताराबाईंच्या सहकारी म्हणून आलेल्या अनुताईंनी पुढे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन लिहिले. म्हणजे काठावरून मध्याकडे जाणे घडू शकते. या कार्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्यांच्या अंगणात शाळा गेली, त्या वारली बायांपैकी किती जणी लेखिका म्हणून आपल्याला माहीत आहेत?

1855 मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने स्वतः लिहिले. इतरांनी ते छापले. सहलेखनाची कसोटी मला तेथे दिसते.

सेविकेला लिहिता येत नाही, ही सबब खोटी आहे. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून वजन, आहार, हजेरी हे सारे तीच लिहिते. 2021 पासून पोषण ट्रॅकरही तीच भरते. तिच्या मोबदल्याला वेतन नव्हे, मानधन म्हणतात. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्कदेखील 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला. जिचे काम काम म्हणून मानले जात नाही, तिचे लेखन लेखन म्हणून कोण मानणार?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मसुदा छापण्यापूर्वी सेविकेला वाचून दाखवावा. तिचे वाक्य, तिचा वारली शब्द तिला न विचारता बदलू नये. चुकीचे वाटेल ते खोडण्याचा अधिकार तिला असावा आणि लेखावर तिचे नाव असावे. आपण दलित लेखकांनीही हे लक्षात ठेवावे. आदिवासींच्या वतीने बोलण्याचा मक्ता आपल्याला कुणी दिलेला नाही.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही. लेखात 'उदासीनता' लिहिले की उपाय ठरतो पालकांच्या प्रबोधनाचा. 'वीटभट्टी' लिहिले की गावात काम द्यावे लागते, नाहीतर भट्टीवर अंगणवाडी न्यावी लागते. ते पोर शिमग्यापर्यंत कुठे असते, हे लेखात लिहिलेच नाही, तर त्याच्यापर्यंत कोण पोहोचणार?