देवाण कोणाची, घेवाण कोणाची?

गेल्या काही वर्षांपासून आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक नव्या प्रकारची पत्रके दिसू लागली आहेत. डिजिटल मंचांचे नियमन, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा, असे विषय. एक सत्र एका देशात, दुसरे दुसऱ्या देशात. पत्रकावर नाना वर्णांच्या तरुणांचे हसरे छायाचित्र असते आणि 'विविधता' हा शब्द असतोच असतो. मी ही पत्रके मनापासून वाचतो. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझ्या नावाचा आला. परदेशी शिक्षणाची टिंगल करण्याची चैन मला परवडणारी नाही. परंतु कथा-कादंबरीची समीक्षा करताना आपण जे विचारतो, की येथे बोलते कोण आणि नुसते ऐकते कोण, ते या कार्यक्रमांना विचारायला काय हरकत आहे?

युरोपीय संघाची इरॅस्मस योजना घ्या. 1987 साली ती युरोपातल्याच विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. 2004 पासून इरॅस्मस मुंडुस या नावाने तिचे दार जगाला उघडले. या शिष्यवृत्तीवर निवड झालेल्याला शुल्क माफ आणि दरमहा 1400 युरो मिळतात. हे थोडके नाही. पण शिकवले काय जाते? आज युरोपात या विषयाचा कणा म्हणजे 2022 चा डिजिटल सेवा कायदा आणि 2024 चा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा. अनु ब्रॅडफर्ड या कोलंबिया विद्यापीठातील विदुषीने याला 'ब्रसेल्स परिणाम' असे नाव दिले आहे: नियम ब्रसेल्सने करायचे, कंपन्यांनी ते जगभर न्यायचे. आमचा विद्यार्थी जातो तो हे नियम शिकायला आणि परततो तो त्यांचा भाष्यकार होऊन. यात घेवाण आहे. देवाण कुठे आहे?

त्या कायद्याने 2 फेब्रुवारी 2025 पासून 'सामाजिक गुणांकना'वर बंदी घातली. म्हणजे एखाद्याच्या वागणुकीवरून किंवा वैयक्तिक लक्षणांवरून यंत्राकरवी त्याची प्रतवारी करायची, आणि त्या माहितीचा जिथे काडीचाही संबंध नाही तिथे त्याचे नुकसान करायचे, याला मनाई. या कलमाची चर्चा निघाली की चीनचे उदाहरण हटकून पुढे येते. मला हसू आले. जन्माच्या एका नोंदीवरून पाणवठा, देऊळ, भाड्याची खोली, लग्न आणि नोकरी ठरवणारी प्रतवारी यंत्राशिवाय किती शतके चालली, हे त्या वर्गाला कोण सांगणार? गावकुसाबाहेर वाढलेला विद्यार्थी सांगू शकतो. तो तिथे श्रोता म्हणून बसणार असेल, तर नुकसान त्याच्याइतकेच त्या वर्गाचेही आहे.

दुसरे असे की, डिजिटल सेवा कायद्याचे 40 वे कलम संशोधकांना मोठ्या मंचांकडून माहिती मागण्याचा अधिकार देते; पण युरोपीय संघातील धोक्यांच्या अभ्यासापुरताच. आमच्या जिल्ह्यात काय चालते, ते या कलमाच्या हद्दीबाहेर. फेसबुकच्या द्वेषविरोधी नियमांत 'जात' हा शब्द आहे, मान्य. पण 'सरकारचे जावई' ही शिवी आहे, हे कोणत्या यंत्राला कळणार? शब्द तर दोन्ही सोवळे! मराठीत जातीचा अपमान बहुधा असाच, सभ्य शब्दांचे कपडे घालून येतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने नेमका हाच विषय घेऊन एका परदेशी कार्यक्रमासाठी अर्ज लिहिला. मार्गदर्शन करणाऱ्या एका कार्यालयात तिला सांगण्यात आले की जात हा स्थानिक प्रश्न आहे, काहीतरी जागतिक घ्या. ती माझ्याकडे आली. आणि मीही, आज लिहिताना लाज वाटते, तिला म्हणालो, "बाई, आधी जाऊन तर ये, मग बोल." तिने विषय बदलला.

स्थानिक? ब्रिटनने 2010 च्या समता कायद्यात जात समाविष्ट करण्याची वाट ठेवली, 2013 मध्ये ते सरकारवर बंधनकारक केले आणि 2018 मध्ये सरकारने माघार घेतली. सिॲटल शहराने 2023 मध्ये जातिभेदावर बंदी आणली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक तिथल्या राज्यपालांनी नाकारले. आणि यंत्राचे काय? 2025 साली एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने एका दलित समाजशास्त्रज्ञाची हकीकत छापली. फेलोशिपच्या अर्जाचे इंग्रजी नीट करायला त्याने चॅटजीपीटीला दिले, तर यंत्राने इंग्रजीबरोबर त्याचे आडनावही 'नीट' केले आणि तिथे 'शर्मा' लिहिले. त्याच नियतकालिकाच्या चाचणीत त्यामागील जीपीटी-5 ने 105 पैकी 80 गाळलेल्या जागा जातीच्या ठरीव साच्याप्रमाणे भरल्या: बुद्धी ब्राह्मणाकडे, मैला दलिताकडे. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही ती आमची मुले याच यंत्राकडून अर्ज लिहून घेतात. मग हा प्रश्न जागतिक व्हायला आणखी काय उरले?

दोष केवळ परक्यांचा नाही. आपल्याच केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये अनुसूचित जाती व इतर वंचित घटकांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील अभ्यासाचे विषय वगळले. 2025 साली निवडलेल्या 106 जणांपैकी सुरुवातीला 40 जणांनाच पत्रे दिली. उरलेल्यांना सांगितले, निधी असेल तर पाहू. म्हणजे जाता येणे कठीण, आणि गेलाच तर आपल्या माणसांविषयी अभ्यास करायचा नाही!

बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने भारतातील जातींचा निबंध वाचला. ते तिथल्या विचारवंतांकडून भरपूर शिकले, पण आपला प्रश्न बंदरावर ठेवून बोटीत चढले नाहीत. युरोपातील पंडितांची जातीविषयीची मते एकेक घेऊन त्यांनी त्याच दालनात तपासली. देवाणघेवाण म्हणतात ती याला. "आधी जा, मग बोल" हा माझा सल्ला त्यांना कोणी दिला असता तर?

गेल्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा आली. "सर, माझा पहिला मसुदा तुमच्याकडेच राहिला," म्हणाली. मी तो शोधून काढला. अर्जाची मुदत महिनाअखेर आहे. इंग्रजी मी तपासून देणार आहे, यंत्राकडे न पाठवता. आडनाव जिथल्या तिथे राहील.