आयोडेक्सला दहापैकी किती?

मिलवॉकीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात रूममेटने फ्रिजमधून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. रूट बिअर. नावात बिअर, पण दारूचा थेंब नाही. मी एक घोट घेतला आणि थेट घरी पोचले: आजी पलंगावर बसून गुडघ्याला आयोडेक्स चोळतेय. घोट कसाबसा गिळला. रूममेटचा चेहरा पडला. तिच्यासाठी ती चव म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, उंच ग्लासात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा आणि काठावरून ओघळणारा फेस.

माझा तो भास नव्हता. बऱ्याच रूट बिअरमध्ये विंटरग्रीनचा स्वाद असतो. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट आपल्या दुखण्यावरच्या मलमांतही असतं. डबीवर ‘गंधपुरा तेल’ लिहितात ना, तेच.

दोन वर्षांनी मी सूड घ्यायचं ठरवलं. रीतसर चाचणी घेतली. कागदी कप, तळाशी नंबर, कुठला ब्रँड कुठे ते शेवटपर्यंत माहीत नाही. ए अँड डब्ल्यू मऊ निघालं, व्हॅनिला पुढे, मलम मागे. घाबरणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. ७. बार्क्स कडक, कमी गोड वाटणारं, जिभेला चिमटा काढणारं. त्यात कॅफीनही असतं, जे बहुतेक रूट बिअरमध्ये नसतं. ५. एका दुकानाचा स्वतःचा स्वस्त ब्रँड: पाकात बुडवलेली बडीशेप. ३. स्प्रेकर इथलंच, विस्कॉन्सिनचा मध घातलेलं. घोट संपल्यावरही घशात रेंगाळतं, फेस तर दाढीच लावतो. ८.

रूममेटच्या तक्त्यात एक जादा रकाना होता: अस्सलपणा. तिथे मी अडले. अस्सल म्हणजे कशासारखं?

फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात आपली रूट बिअर लोकांपुढे आणली. तेव्हा या पेयाचा जीव होता ससाफ्रास झाडाच्या मुळांची साल. त्या सालीतलं सॅफ्रोल उंदरांना दिल्यावर यकृताचा कर्करोग होतो असं दिसलं आणि १९६० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. तेव्हापासून एक तर सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क वापरतात, नाही तर कृत्रिम स्वाद. म्हणजे आज साठीत असलेल्या अमेरिकन माणसानेही दुकानातली ‘अस्सल’ रूट बिअर चाखलेली नसणार. सगळे मिळून न पाहिलेल्या पणजोबांशी नातवाचं नाक जुळवून बघतायत. मी तो रकाना खोडला. रूममेट चिडली.

मग स्वतःचे आकडे नीट पाहिले. बार्क्सला ५ का दिले? मलम स्पष्ट लागलं म्हणून. ए अँड डब्ल्यूला ७ का? लपलं म्हणून. ही परीक्षा पेयांची नव्हतीच, माझ्या भीतीची होती. ज्या पेयाने आपला स्वभाव लपवला त्याला मी बक्षीस दिलं होतं. दुसऱ्या फेरीत बार्क्स ८ वर गेलं, ए अँड डब्ल्यू ६ वर आलं. स्प्रेकर जागचं हललं नाही. (स्वस्त ब्रँडला मात्र ३ च. बडीशेपेशी माझं काही जुनं वैर नाही.)

या फेरीत मी गुपचूप आणखी एक कप सरकवला होता. आपल्याकडे जिला उपळसरी किंवा अनंतमूळ म्हणतात, तिच्या मुळांचं सरबत दक्षिणेत नन्नारी म्हणून पितात. त्या मुळांना व्हॅनिलाच्या जवळचा वास असतो. भारतीय दुकानातून नन्नारीचा पाक आणला, सोड्यात कालवला, तळाशी नंबर टाकला.

रूममेटने ७ दिले. “गॅस जरा कमी आहे,” म्हणाली, “पण ही कुठल्या गावची?”

मी ५ दिले होते. फार गोड.