काचेतला मुलूख

ज्या भूमीवर देवालय उभे आहे त्या भूमीचे डोंगर, पाणी आणि झाडोरा त्याच्या रंगीत गवाक्षांत उतरावेत, ही अपेक्षा ख्रिस्ती कलेत फार जुनी नाही. मध्ययुगातील कारागिरांनी निळ्या-तांबड्या काचेतून स्वर्गीय नगरीचा आभास उभा केला, आणि भोवतालचा मुलूख त्यांच्या कामात आलाच तर बहुधा एखाद्या संताच्या पायाखालच्या हिरवळीपुरता आला. गेल्या शतक-दीड शतकात हा दस्तूर मोडला, ते इष्टच झाले. परंतु स्थळाचे चित्र काचेत रेखाटले की स्थळ काचेत वस्तीस आले, असा जो समज त्याबरोबर रूढ झाला, त्याने या कलेचे नुकसानही पुष्कळ केले.

अमेरिकेतील टिफनी यांच्या कारखान्यात अ‍ॅग्नेस नॉर्थ्रॉप यांच्या संकल्पनेतून १९१७ साली घडलेले हार्टवेल स्मृतिगवाक्ष हा त्याचा ठळक दाखला होय. न्यू हॅम्पशरमधील चोकोरुआ पर्वत, त्याखालचा धबधबा, झाडांतून झिरपणारा उजेड हे सारे दुधाळ काचेचे थर एकावर एक चढवून साधलेले आहे, आणि त्या कौशल्याविषयी दुमत संभवत नाही. तथापि प्रॉव्हिडन्सच्या चर्चमधून ते शिकागोच्या कलासंग्रहालयात आले, तरी त्याचे काही उणावले असे वाटत नाही. देवालयाच्या भिंतीवाचून ज्याचे अडत नाही, त्याला निसर्गचित्र म्हणणेच अधिक न्याय्य.

याच्या उलट, दक्षिण फ्रान्समधील व्हांस येथे चित्रकार मातिसने १९५१ मध्ये पूर्ण केलेल्या प्रार्थनामंदिरात पर्वत नाही की किनारा नाही. पिवळा, हिरवा आणि निळा एवढ्याच रंगांनी आणि निवडुंगाच्या फड्यांसारख्या आकारांनी त्याने वेदीमागे जीवनवृक्ष उभारला, आणि त्या प्रांताचे ऊन, झाडी व समुद्र रंगरूपाने पांढऱ्या फरशीवर येऊन पडले.

इंग्लंडातील केंट परगण्यात ट्यूडली नावाचे लहानसे गाव आहे. १९६३ साली नौकाविहार करताना एका एकवीस वर्षांच्या मुलीचा समुद्रात अंत झाला, आणि तिच्या मातापित्यांनी तिच्या स्मरणार्थ तेथील चर्चसाठी यहुदी धर्माच्या शागाल या चित्रकाराकडून पूर्वेचे गवाक्ष करवून घेतले. ते १९६७ मध्ये बसले, आणि समारंभास आलेल्या शागालने ते चर्च पाहून उरलेली गवाक्षेही करण्याचे मनावर घेतल्यामुळे, सर्व बारा पुरी होईतो १९८५ साल उजाडले. पूर्वेच्या काचेत खाली लाटांमध्ये ती मुलगी आहे, एक शिडी वर जाते, आणि माथ्यावर क्रूसावरचा ख्रिस्त आहे. तो समुद्र कोणत्या किनाऱ्याचा हे रेषेवरून ओळखता येत नाही. परंतु जे पाणी तिला घेऊन गेले त्याच पाण्यातून ती शिडी वर चढते, आणि म्हणून तेथे भूगोल व श्रद्धा यांना वेगळे करण्याची सोयच राहत नाही. माझ्या मते या कलेचे आधुनिक काळातील शिखर येथे आहे.

इंग्लंडातच डॉर्सेटमधील मोर्टन येथे लॉरेन्स व्हिसलर यांनी वेगळाच मार्ग धरला. १९४० साली बॉम्बने चर्चच्या काचा उद्ध्वस्त झाल्या, त्यांच्या जागी १९५५ पासून सुमारे तीन दशके त्यांनी बिनरंगी काचेवर कोरीव काम करून गवाक्षे भरली. आवारातील खरी झाडे आणि खरे आभाळ कोरलेल्या रेषांमधून दिसतच राहतात, आणि ऋतू पालटला की गवाक्षही पालटते. तेराव्या गवाक्षात ख्रिस्ताचा घात करून गळफास घेतलेला यहूदा आहे, आणि त्याच्या हातून निसटलेली नाणी पडता पडता फुले होतात. हे गवाक्ष प्रथम नामंजूर होऊन अखेर २०१४ साली बसले.

आपल्याकडे पाहावे तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्स यांची गवाक्षे आहेत. कारागिरी उत्तम, परंतु उत्तरेकडील मंद उजेडावर पोसलेल्या या कलेत मुंबईच्या उन्हाचा विचार मला कोठे आढळत नाही. याउलट गोव्यातील जुन्या देवालयांत लाकडी जाळीत पातळ, चौकोनी कापलेले शिंपले बसवीत; त्यांवर संत नाही, डोंगर नाही, पण दुपारचे कडक ऊन त्यांतून गाळून निवळ होऊन येते, आणि त्या उजेडात समुद्र स्वतःच वेदीपर्यंत पोचलेला असतो. काच स्वस्त झाल्यावर कितीतरी ठिकाणी हे शिंपले निघून साधी तावदाने आली, आणि या फेरबदलाला दुरुस्ती म्हणून मान्यता मिळाली याचा मला खेद होतो. कोकणपट्टीत नवे गवाक्ष घडवू पाहणाऱ्याला हाताशी असलेला सर्वांत बोलका नमुना त्यामुळे दिसेनासा होत आहे.