अपूवर आपणही हसलो, त्याचं काय?

शाळेत कुणी तुमच्या आईच्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळ्यांबरोबर तुम्हीही हसलात, असं कधी झालंय? झालं असेल तर हरी कोंडाबोलू या कॉमेडियनची 2017 मधली ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ ही डॉक्युमेंटरी जरूर बघा. तासाभराचीही नाही.

‘द सिम्पसन्स’मधला दुकानदार अपू 1990 मध्ये टीव्हीवर आला. त्याचा ‘भारतीय’ आवाज काढायचा हँक अझारिया हा गोरा नट. अमेरिकेत वाढलेल्या आपल्यासारख्या अनेकांच्या मागे तो आवाज शाळाभर फिरला. फिल्ममध्ये दक्षिण आशियाई नट आणि कॉमेडियन एकामागून एक तेच सांगतात. आपल्या एकट्याचा वाटणारा त्रास सगळ्यांचा निघतो, ही या फिल्मची खरी कमाई.

पण एका जागी ती मला कमी पडलेली वाटते. अझारियाने कॅमेऱ्यासमोर यावं म्हणून कोंडाबोलू त्याच्या मागे लागतो. तो येत नाही. या पाठलागात मजा आहे, पण त्यामुळे फिल्म ‘त्यांनी असं का केलं?’ इथेच घुटमळते. ‘त्याने आपलं काय झालं?’ हा प्रश्न मागे राहतो.

वांशिक छळ म्हटलं की आपल्याला मारहाण आठवते. 1987 मध्ये जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्यांनी भारतीयांवर हल्ले केले. नावातला ‘डॉट’ म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. तो छळ लगेच ओळखू येतो. नकलेचा येत नाही, कारण त्यात आपल्यालाही सामील करून घेतात. जो हसत नाही, तो ‘फारच सेन्सिटिव्ह’ ठरतो. म्हणून आपण हसतो. मग शाळेच्या मीटिंगला बाबांनी कमी बोलावं असं वाटायला लागतं. बसमध्ये आईचा फोन आला की आपण कुजबुजतो. नक्कल करणारा मुलगा शाळा सुटली की निघून जातो, लाज मात्र आपल्याबरोबर घरी येते.

अझारियाने 2020 मध्ये अपूला आवाज देणं सोडलं. चांगलंच झालं. पण आपल्या डोक्यात बसलेला तो आवाज अझारिया कसा काढणार? फिल्म बघून झाली की आईबाबांना विचारा, त्यांच्या बोलण्याला आजवर कोण कोण हसलं. त्या यादीत तुमचंही नाव निघालं, तर तेही ऐकून घ्या.