‘स्थानिक’ म्हणजे किती मैल?

सामुदायिक रेडिओवर पीएचडी करायची म्हटलं की आराखड्यात एक तक्ता हमखास येतो: आठवड्यात स्थानिक कार्यक्रम किती तास, बाहेरून आलेले किती तास. मग टक्केवारी काढायची, आणि बाहेरचं वाढलेलं दिसलं की प्रकरणाला ‘स्थानिकतेचा ऱ्हास’ असं नाव द्यायचं. तुम्हीही हा तक्ता आखला असेल तर जरा थांबा. त्यातला ‘स्थानिक’ हा शब्द आपण तपासून बघू. त्यासाठी अमेरिकेतल्या छोट्या केंद्रांचं उदाहरण घेतो. तिथे या शब्दाची व्याख्या नियमातच लिहिलेली आहे आणि ती बरीच विचारपूर्वक लिहिलेली आहे. ढिसाळ व्याख्येवर टीका करून शिकायला फारसं काही मिळत नाही.

तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, जानेवारी 2000 मध्ये ‘लो पॉवर एफएम’ हा वर्ग मंजूर केला. ताकद जास्तीत जास्त 100 वॉट, टापू साधारण साडेपाच किलोमीटरचा, परवाना फक्त ना-नफा संस्थांना, जाहिराती बंद. चालवणारे बरेचसे स्वयंसेवक. आठवड्यातून किमान 36 तास प्रसारण करावंच लागतं. एकाच जागेसाठी अनेकांनी अर्ज केले तर गुण मोजतात. त्यात रोज किमान आठ तास स्थानिक निर्मितीचे कार्यक्रम देण्याचं वचन दिलं की एक गुण मिळतो. आठ सत्ते छप्पन्न. आठवड्याचे तास 168. उरलेल्या 112 तासांत काय वाजवायचं? केंद्र गप्प ठेवता येतं, पण श्रोता एकदा दुसरीकडे गेला की परत येईलच असं नाही. मग कुणीतरी सुचवतं, सॅटेलाइटवरून तयार संगीत घेऊ.

इथे अभ्यासक फार घाई करतात. ‘केंद्राने सॅटेलाइटवरून संगीत घेतलं’ असं एका वाक्यात उरकतात, जणू नळ सोडला आणि पाणी आलं. प्रत्यक्षात यातले बरेच नळ या केंद्रांसाठी बंदच असतात. घरगुती वर्गणीचा रिसीव्हर ट्रान्समीटरला जोडता येत नाही. ती वर्गणी खासगी ऐकण्यापुरती असते. (आपल्याकडे 2009 च्या अखेरीस बंद पडलेल्या वर्ल्डस्पेसचा डबा ज्यांच्या घरी होता, त्यांना हा प्रकार आठवेल.) मोठ्या केंद्राचं प्रसारण सॅटेलाइटवरून घेऊन पुन्हा सोडायला तर लो पॉवर केंद्रांना नियमानेच मनाई आहे. राहिल्या व्यावसायिक सेवा. हा धंदा 1981 मध्ये सुरू झालेल्या सॅटेलाइट म्युझिक नेटवर्कच्या काळापासून रुळला. निवेदक शेकडो मैलांवर बसलेला असतो. ठरलेल्या क्षणी फीडबरोबर एक इशारा येतो आणि गावातल्या केंद्रावरचं यंत्र आपोआप तिथली जाहिरात किंवा केंद्राचं नाव वाजवतं. तोच निवेदक वेगवेगळ्या गावांसाठी दोन-दोन वाक्यं रेकॉर्ड करून पाठवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं माणूस इथलाच आहे. अशा सेवांचा मोबदला पुष्कळदा जाहिरातीच्या मिनिटांत घेतला जातो: कार्यक्रम घ्या आणि त्यासोबत आमच्या जाहिराती वाजवा. जाहिरातबंदी असलेल्या केंद्राला हा सौदा करताच येत नाही.

उरतात सार्वजनिक रेडिओच्या अंगाने चालणाऱ्या सेवा. 1995 मध्ये सुरू झालेली ‘क्लासिकल 24’ किंवा शिकागोच्या डब्ल्यूएफएमटीचं बीथोव्हेन नेटवर्क घ्या. रात्रभर पाश्चात्त्य अभिजात संगीत, सोबत निवेदन. वर्गणी, डिश, रिसीव्हर हा खर्च परवडला तर. म्हणजे एखाद्या केंद्रावर रात्री सिम्फनी वाजते याचा अर्थ गावाला सिम्फनी आवडते असा होईलच असं नाही. मिळण्यासारखं तेवढंच असेल. तासांच्या तक्त्यात ही अडचण दिसत नाही. तिथे ‘बाहेरचे: 112’ एवढंच उरतं.

आता व्याख्या. परवानाधारकाने अँटेनापासून 10 मैलांच्या आत केलेली निर्मिती म्हणजे स्थानिक. प्रत्यक्ष हजर असलेल्या निवेदकाने निवडून वाजवलेलं संगीत त्यात धरतात, गावातल्या शाळेचा कार्यक्रमही धरतात. आपोआप चालणारे कार्यक्रम धरत नाहीत. बाहेरचं रेकॉर्डिंग नंतर वाजवलं तरी धरत नाहीत. आणि गावातलाच कार्यक्रम दोनदा वाजवून झाला असेल तर पुढच्या वेळी तोही धरत नाहीत.

प्रशासनाच्या दृष्टीने ही व्याख्या चांगलीच आहे. अर्जदारांत निवड करायची तर तपासता येईल अशी कसोटी हवी, आणि संगणकावर गाणी लावून निघून जाणाऱ्यांना ती बरोबर पकडते. 2003 मध्ये सिग्नल पुढे ढकलणाऱ्या ट्रान्सलेटर केंद्रांसाठी अर्ज मागवले तेव्हा 13,000 हून अधिक अर्ज आले, आणि त्यांतले पुष्कळ दूरवरच्या धार्मिक नेटवर्कांचा कार्यक्रम पसरवण्यासाठी होते. अशा गर्दीत गावातल्या केंद्राची जागा राखायची तर कडक नियम लागणारच. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. तो नियम जसाच्या तसा उचलून त्याला संकल्पना म्हणणाऱ्यांबद्दल आहे.

कारण बघा काय होतं. स्टुडिओत बसून देशभरातली तीच पहिली चाळीस गाणी वाजवणारा मुलगा या व्याख्येत शंभर टक्के स्थानिक ठरतो. गावातल्या एखाद्या जुन्या वादकाने आठवडाभर खपून रात्रीसाठी गाणी निवडली आणि ती यंत्रावर लावून ठेवली, तर शून्य. शेतातल्या बाईची मुलाखत रात्रपाळीच्या कामगारांसाठी तिसऱ्यांदा लावली, तरीही शून्य. नेब्रास्कातल्या लिंकनहून ‘अमेरिकन इंडियन रेडिओ ऑन सॅटेलाइट’ ही सेवा मूलनिवासी समाजांच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवत असे. ती केंद्रं बहुतांशी या लो पॉवर वर्गातली नाहीत, पण मोजपट्टी तीच लावून पाहा. आपल्यासारख्या दुसऱ्या जमातीचं गाणं हजार मैलांवरून आलं म्हणून ते ‘बाहेरचं’, आणि शेजारच्या शहरातला पॉप हजर माणसाने लावला म्हणून तो ‘आपला’. मैल मोजले, पण नातं मोजायचं राहून गेलं.

याच विषयावर एरिक क्लिनेनबर्ग यांचं ‘फायटिंग फॉर एअर’ (2007) हे पुस्तक तुमच्या वाचनात येईलच. त्याची सुरुवात नॉर्थ डकोटातल्या माइनॉट शहरापासून होते. 18 जानेवारी 2002 च्या मध्यरात्रीनंतर रेल्वे घसरली, अमोनिया पसरला, एकाचा मृत्यू झाला. शहरातली सहा व्यावसायिक केंद्रं एकाच कंपनीची होती आणि लोकांना रेडिओवर इशारा मिळाला नाही. प्रसंग अंगावर येतो, पुस्तकही वाचनीय आहे. पण ‘बाहेरून येणारे कार्यक्रम घातक’ याचा पुरावा म्हणून तो प्रसंग वापरणं कच्चं आहे. कंपनीचं म्हणणं होतं की स्थानिक यंत्रणेने इशारा देण्याची व्यवस्था नीट वापरली नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी मालकी एकवटणं, रात्री माणूस नसणं आणि कार्यक्रम बाहेरून येणं ही तीन वेगळी कारणं आहेत. एका प्रसंगातून ती सुटी करता येत नाहीत.

आपल्याकडचा नियम वेगळं मोजतो. 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत. मैलांपेक्षा हे मला जास्त पटतं, पण ‘सहभाग’ हा शब्दही निसरडा आहे. समजा म्हसवडच्या परिसरात एखाद्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि बाकी सगळं, कुठली ओवी घ्यायची, किती कापायची, कधी लावायची, संस्थेतल्या पगारी माणसाने ठरवलं. सहभाग झाला की नाही? तक्त्यात झाला.

म्हणून तासांच्या रकान्याशेजारी आणखी रकाने घाला. हे संगीत कुणी निवडलं, कशाच्या बदल्यात मिळालं, आणि चालू फीड तोडण्याचा अधिकार कुणाकडे होता. माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. रात्री दोनला नदीचं पाणी वाढलं, तर सिम्फनी थांबवून बोलायला कुणाला परवानगी लागते? किल्ली कुणाकडे असते? घरून फोनवर जोडून घेता येतं का? केंद्रावर नोंदवही असेल तर फीड मध्येच तोडल्याच्या नोंदी तारखेनिशी उतरवून घ्या. नसेल, तर रात्रीची पाळी करणाऱ्याला गाठा आणि शेवटचं फीड कधी तोडलं, कशासाठी तोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून कोण काय बोललं, ते विचारा.