खोकल्याची बाटली आणि श्वासाची मोजणी

पुण्यात लहान मुलाला खोकला झाला, की पेठेतल्या औषधाच्या दुकानातून गोड सिरपची बाटली घरी येते. आठ-दहा दिवसांत खोकला जातो आणि श्रेय बाटलीला मिळते. विज्ञानाच्या शिक्षकाने येथे एवढेच विचारावे : बाटली न घेता तो किती दिवसांत गेला असता? सर्दीखोकला बहुधा विषाणूंमुळे होतो व आपोआप बरा होतो. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत या सिरपांचा ठळक फायदा आढळलेला नाही.

२०२५ मध्ये छिंदवाडा भागात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या सिरपमुळे मुले दगावली. चर्चा भेसळीची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण शुद्ध बाटलीचा तरी उपयोग काय, हा प्रश्न मागे पडला. त्याच ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवले, की अशी औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत.

खोकल्यात शोधायचा तो न्यूमोनिया. त्याबाबतचा भक्कम पुरावा शहरातल्या नव्हे, गडचिरोलीच्या खेड्यांतून आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत आरोग्यसेवकांना व दायांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल द्यायला शिकवले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर उपचाराच्या गावांत ८.१.

आता शंका घेऊ. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. म्हणजे दोन्ही गट मुळातच थोडे वेगळे असू शकतात. हा उणेपणा खरा आहे. पुढे अनेक ठिकाणच्या अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा घट निम्म्याहून अधिक नव्हे, तर सुमारे एक-तृतीयांश दिसली. आकडा उतरला, निष्कर्ष मात्र टिकला. सिरपच्या बाबतीत टिकण्याजोगा आकडाच नाही!

मोजणी सोपी आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. पंधरा सेकंद मोजून चारने का गुणू नये, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एकमेकांचे श्वास दोन्ही रीतींनी मोजून पाहावे. गर्दीच्या दवाखान्यांत हा एक मिनिट खर्च होताना आम्हांला क्वचितच दिसतो. चिठ्ठीवर तीन औषधे लिहायला त्याहून कमी वेळ लागतो.