शिक्के पुसले, वाडा राहिला

ख्रिस्ती माणसाबद्दल आपल्या पानांतून फारसं कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर एवढंच, की दुधाच्या भुकटीसाठी बाटले. मी त्याच घरातला. नगर जिल्ह्यातला, मूळ महारवाड्यातला, बाप्तिस्मा झालेला आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीत घसा फोडणारा. म्हणून 'ख्रिस्ती एकी' नावाच्या भाषेची झडती मीच घेतलेली बरी.

ही भाषा ऐकायला गोड आहे. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट ही नावं माणसांनी पाडली, प्रभूनं नाही. पाट्या उतरवा, आपण फक्त ख्रिस्ती. खरंच आहे ते. इंग्लंडच्या राजाचं पोपशी बिनसलं, त्याचं ओझं राहुरी-शेवगावच्या महारामांगांनी का वाहायचं? पण वाहिलं. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढे एसपीजी हे इंग्रजांचं अँग्लिकन मिशन आलं, जेझुइट फादर आले. वाड्यात भिंतीला भिंत लागून एक घर अमेरिकन, दुसरं एसपीजी, तिसरं कॅथलिक. माझा आजा अमेरिकन मिशनचा, आजी एसपीजीची. त्यांच्या लग्नात दोन्हीकडचे पाळक रुसले होते म्हणे.

या शिक्क्यांविरुद्ध मराठीत मोठा आवाज उठवला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी 1917 साली मिशनची नोकरी सोडतो आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडतो. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका दरबारात. गोऱ्या साहेबाची मक्तेदारी नको. माणूस धाडसी होता, याबद्दल वाद नाही. 1919 साली ते वारले आणि दरबार पोरका झाला.

पण मला एक विचारायचंय. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला मानण्याची सोय कुणाला हवी होती? ज्याला बाप्तिस्म्यानं घर, वतन, जात गमवावी लागणार होती त्याला. माझ्या पणज्याकडे गमवायला काय होतं? गावकीची चाकरी अन् मेलेलं ढोर. मिशनचा शिक्का टिळकांना टोचला, कारण तो त्यांच्या अंगावर बसला होता. वाड्याचा शिक्का त्यांच्या अंगावर नव्हता. हा आरोप नाही. ज्याच्या अंगावर जे असतं, ते त्याला आधी दिसतं, इतकंच म्हणतोय.

लक्ष्मीबाई टिळकांना मात्र तो शिक्का दिसला, कारण त्यांनी तो स्वतःच्या सोवळ्यात पाहिला. 1934 पासून आलेल्या 'स्मृतिचित्रां'वर आपले प्रस्थापित समीक्षक अजून 'प्रांजळ विनोद, घरगुती शैली' एवढंच लिहून मोकळे होतात. मला त्यातली राहुरी महत्त्वाची वाटते. बाईंचं सोवळं तिथे सैल होतं. ते उपदेशानं गळून पडत नाही, पाण्यापाशी, चुलीपाशी, रोजच्या जगण्यात सुटत जातं. डोक्यावर पाणी पडलं की जात जाते, या थापेला या पुस्तकाइतकं चोख उत्तर मराठीत नाही. तरी माझी तक्रार उरतेच. ज्यांच्या हातचं पाणी आधी चालत नव्हतं, त्या माणसांना तेव्हा काय वाटलं? ते पुस्तक आपल्याला लिहायचं होतं. आपण लिहिलं नाही.

आता नागपूर. 14 ऑक्टोबर 1956 आपल्याला पाठ आहे. त्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. 1929 पासून बोलणी चालली होती. बिशपचा अधिकार किती, बाप्तिस्मा तान्ह्या लेकराला द्यायचा की जाणत्याला, यावर वर्षानुवर्षं खल झाला आणि दोन्ही रीती मान्य करून वाट काढली. मोठी गोष्ट आहे. पण दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी स्वतःच्या तोंडानं जुनं नाकारलं. इथे वरच्या पाट्या बदलल्या. खालच्या माणसाला कुणी काय नाकारायला लावलं?

हे मी घरच्या अनुभवावरून विचारतोय. धाकट्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, सुरेल गळ्याचा. पाहुण्यांनी विचारलं, "तुमचं मिशन कोणतं?" वडील हसून म्हणाले, "आता कसलं मिशन, सगळं एकच." सगळे हसले. चहा आला. मग आत्यानं आवाज खाली घेऊन विचारलं, "मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?" पाहुण्यांना कळलं. त्यांनी खरं सांगितलं. मांगवाड्याचे होते.

कप अर्धे राहिले. 'कळवतो' म्हणाले वडील. कळवलं नाही. तोच मुलगा रविवारी आमच्याच बाकावर बसून गातो, प्रभुभोजनाची भाकर आम्ही एकाच ताटातून घेतो. आणि मी, दलित पँथरचा 1973 चा जाहीरनामा तोंडपाठ असलेला मी, त्या दिवशी बशीकडं बघत गप्प बसलो.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. धर्मांतरित अस्पृश्याची चर्चमध्येही जात सुटत नाही आणि चर्च त्याला अन्यायाशी लढायला उभं करत नाही, ही त्यांची टीका 'लेखन आणि भाषणे'च्या पाचव्या खंडात (1989) छापलेली आहे. त्याला उत्तर ख्रिस्ती माणसांतूनच सुरू झालं. 1981 साली अरविंद निर्मळ यांनी बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविद्येची मागणी मांडली आणि त्यातून दलित ईश्वरविद्या वाढली. ख्रिस्त कुणाच्या बाजूनं उभा आहे, हा प्रश्न तिनं विचारला. पाटी कुठली, हा प्रश्न मागे पडला.

इकडे सरकारचा शिक्का वेगळाच. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणाऱ्या सूसाईला, तो ख्रिस्ती म्हणून, सरकारी टपरी मिळाली नाही. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला म्हटलं, ख्रिस्ती समाजातही तुझे हाल तितकेच आहेत, हे दाखव. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. 2022 साली आणखी एक आयोग नेमला. कॅथलिक की मेथडिस्ट, हे सूसाईला कुठल्याच कचेरीनं विचारलं नाही. गरजच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पंथांची एकी वाईट नाही, सोपी आहे. परदेशातून आलेली पाटी उतरवायला आपलं काही जात नाही. गावानं मारलेला शिक्का पुसायला मात्र घरातून सुरुवात करावी लागते. लग्न कुणाशी, मयताला खांदा कुणाला, हक्कासाठी मोर्चा कुणाबरोबर, यावर एकीची परीक्षा घ्या. व्यासपीठावर हातात हात घालून काढलेल्या फोटोवर नको.

आणि कार्यकर्त्यांनो, तुम्हीही हसू नका. रिपब्लिकन पक्षाचे गट मोजायला आपली बोटं पुरत नाहीत. पँथरच्या जाहीरनाम्यानं धर्माच्या नावाखाली पिळल्या जाणाऱ्या सगळ्यांना दलित म्हटलं होतं. मग माझ्या वाड्यातला ख्रिस्ती मांग तुमच्या बैठकीला कधी बोलावलात?

बहिणीला मी विचारलंय. तिला तो मुलगा पसंत होता, अजून आहे. या रविवारी उपासना सुटल्यावर मी त्याच्या घरी जाणार आहे. वडिलांना सांगून जाणार आहे. आत्यालाही.

जय भीम.